शेवाळेबाईंचं लुटणं

प्रिय ईरा आणि निहार,

मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर मला माझंच स्वयंपाकघर दाखवायला लावलं. मी फोन फळीपुढून फिरवला, आणि ईरा, तू विचारलंस, आजी, एकट्या माणसाला इतके डबे कशाला लागतात? प्रश्न बरोबर होता. उत्तर लांबलचक होतं, आणि तिकडे तुमची झोपायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी तुमच्या आईने मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात गोड आवाजाची एक बाई घर हळूहळू कसं रिकामं करावं ते सांगते. रोज एक खण, घाई नको, दडपण नको. मी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला. तिचं सगळं म्हणणं खरं आहे. मला ते आधीच माहीत होतं, कारण आमच्या समोरच्या दारात शेवाळेबाईंनी ते माझ्या डोळ्यांदेखत केलं होतं. त्या व्हिडिओत फक्त शेवट नाही. तुमची आई डिसेंबरात येणार आहे आणि 'दोन दिवसांत सगळं उरकून टाकू' म्हणते आहे. ती यायच्या आधी तुम्हाला शेवटासकट सांगावं असं वाटलं. मराठीत लिहिते आहे, कारण यातला एक शब्द जन्मभर इंग्रजी शिकवूनही मला इंग्रजीत सांगता येत नाही. अडेल तिथे आईला विचारा. म्हणजे तिलाही वाचावं लागेल.

मी ज्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, तिथे शेवाळेबाई शिवण शिकवायच्या. सुमन शेवाळे. शिवणाचा तास म्हणजे मुलींना अर्धी सुट्टी वाटायची. बाई वर्गात येईपर्यंतच. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पदर खोचलेला, आणि डाव्या हातातल्या बांगडीत सेफ्टीपिनांची माळ. शाळेत कुणाचं काहीही तुटलं, उसवलं, निसटलं की त्या बांगडीतली एक पिन कमी व्हायची. पिन परत आली नाही तर बाई चार दिवसांनी त्या मुलीला वर्गाबाहेर गाठायच्या. "माझी पिन अजून तुझ्या फ्रॉकमध्ये राहते का? भाडं दे मग."

मुलींना त्या शिवणाआधी उसवणं शिकवायच्या. आमच्या मुख्याध्यापिका एकदा तपासणीला वर्गात गेल्या, तर सगळ्या मुली माना घालून जुन्या ब्लाउजांचे टाके काढत होत्या. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, शिवणं कुणालाही येतं, उसवायला हात लागतो. एका मुलीची बाही उलटी लागली होती. टाके काढायचा कंटाळा येऊन तिने ती ओढून काढली आणि कापड टर्रकन फाटलं. बाई ओरडल्या नाहीत. तो तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "फाडायला अक्कल लागत नाही गं. ते तुझ्या धाकट्या भावालाही येतं. टाका न् टाका काढलास, तर कापड तुझं राहतं." मग त्या फाटक्या तुकड्याचा तिच्याकडून रुमाल करून घेतला. ती मुलगी आता स्वतः आजी आहे. मध्यंतरी मला बाजारात भेटली, तेव्हा शेक्सपिअर कुणी शिकवला ते तिला आठवत नव्हतं. तो रुमाल आठवत होता.

बाईंचं माहेर हडपसरचं. हडपसर गाव होतं तेव्हाचं, त्यांच्या घरची शेतं होती तेव्हाचं. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर त्यांची भाषा माझ्यासारखीच झाली होती. मात्र राग आला की आतून हडपसर बाहेर यायचं. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहायला आल्या, तेव्हा आमच्या दोघींच्या दारांमध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती. त्या जागेत आमचं निम्मं म्हातारपण गेलं.

आता तो शब्द. निहार, तू मागे मला विचारलं होतंस की लूट हा इंग्रजी शब्द आपल्याकडून गेला हे खरं का. खरं आहे. पण गेला तो अर्धाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना काहीतरी वस्तू देतात, तिला वाण म्हणतात, आणि त्या देण्याला 'लुटणं' म्हणतात. यंदा काय लुटलंत, म्हणजे यंदा काय वाटलंत. आपल्याजवळचं आनंदाने उधळायचं, तेही लुटणं, आणि दुसऱ्याचं ओरबाडून न्यायचं, तेही लुटणं. साहेब जहाजातून जाताना त्याला सोयीचा तेवढाच अर्थ घेऊन गेला.

नवरा असलेल्या बायकांनाच हळदीकुंकवाला बोलावतात. तुमचे आजोबा आधीच गेले होते. बाईंचे यजमान, शेवाळे, गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला समोरचंही दार त्या यादीतून कमी झालं. वरच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. जिन्यातून साड्यांची सळसळ चढत होती, आणि आमच्या मजल्यावर आल्यावर ती सळसळ जरा भरभर जात होती. बाई मुद्दाम दार उघडं टाकून दारात स्टुलावर बसल्या होत्या, हातात उसवायचं काहीतरी घेऊन. एक बाई मान खाली घालून अगदी भिंतीला घासून गेली. बाई म्हणाल्या, "सावकाश जा. माझं दार चावत नाही." वरून येताना प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकची एकेक गाळणी होती. शेवटची गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "दामलेबाई, या वर्षातून एकदा लुटतात, आणि ते पण गाळण्या. आपण आता रोज लुटायचं." मला ती चेष्टा वाटली.

थोड्याच दिवसांनी सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बैठक झाली. इमारत पाडून मोठी बांधायची, तोवर सगळ्यांनी दुसरीकडे राहायचं. बिल्डरचा माणूस फार गोड बोलत होता. ताई, काही काळजी करू नका, असं त्याने म्हटलं, आणि बाईंमधलं हडपसर उठलं. "आमची शेतं घेतली तवा पण असंच म्हनले हुते. ताई, काळजी करू नका. शेत कुटं हाय आता?" तो माणूस हसला. बाकीचेही हसले. ठराव झाला. वर्ष-दीड वर्षात जागा रिकामी करायची असं ठरलं, आणि घरोघरी रडारड सुरू झाली. इतकं सामान काढायचं कसं, सुरुवात कुठून करायची? मी स्वतः व्यवस्थित बाई आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी दाराशी उभं राहून घराकडे पाहिलं की मी आत जाऊन आधी चहा टाकायचे.

बाईंनी माळ्यावरून एक पाट काढला. जेवायला बसायचा लाकडी पाट, एका कडेला टवका उडालेला. तो खोलीच्या मधोमध ठेवला आणि मला बोलावून दाखवला. "घराकडे बघायचं नाही. पाटाकडे बघायचं."

रोज सकाळी चहा झाला की एका कप्प्यातल्या वस्तू पाटावर यायच्या. पाटावर मावतील तेवढ्याच. पाटाबाहेर एक चमचासुद्धा ठेवायचा नाही. एकेक वस्तू उचलायची, ती आता कुणाची ते ठरवायचं, पाट रिकामा झाला की तो भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्या दिवशी पुन्हा त्या कामाचं नाव काढायचं नाही. ठरेनासं झालं तर वस्तू मुकाट्याने कप्प्यात परत. "आज तिला जायचं नाहीये," असं म्हणायच्या, पाहुण्याबद्दल म्हणावं तसं. मी कधी उत्साहाने म्हटलं, आणखी एक कप्पा काढू या, वेळ आहे. तर म्हणायच्या, "आज दोन काढाल, उद्या एकही काढणार नाही. मुलींचं मी तेच बघितलंय."

शेवाळ्यांचे शर्ट बरेच महिने पाटावर आले नाहीत. मग एका सकाळी आले. बाईंनी ते कुणाला दिले नाहीत. कॉलर, बाह्या, खिसे, सगळं टाका न् टाका उसवलं आणि त्या कापडाच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या. जिन्यातल्या प्रत्येक घरी एक दिली, त्या गाळणीवाल्यांनाही. मला निळ्या चौकटीची मिळाली. म्हणाल्या, "हयातीत कधी एक जुडी आणली नाही. आता रोज मंडईत जातील."

पण खरं काम होतं भांड्यांचं. तुमच्याकडे भांड्यांवर नावं नसतात. आमच्याकडे लग्नात, बारशाला कुणी भांडं दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव कोरून देत. स्वयंपाकघराची फळी म्हणजे सगळे नातेवाईक ओळीने उभे. बाईंच्या फळीवर मामा होते, मावश्या होत्या, शेवाळ्यांचे कारखान्यातले सोबती होते. बाईंनी ठरवलं, नाव ज्याचं, भांडं त्याच्या घरी. माणूस गेलं असेल तर त्याच्या मुलाकडे, नातीकडे. आणि नुसतं नेऊन द्यायचं नाही. कसबा पेठेत नावं घालणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे जाऊन आधीच्या नावाखाली कोरून घ्यायचं: 'सुमनकडून परत.' मी बरोबर जायचे. गल्ल्यांतून चालताना बाईंच्या पिशवीतली भांडी एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये फडकी घातलेली असत. ते गृहस्थ पहिल्यांदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "लोक नाव घालायला येतात. परत करायला आलेलं आजवर कुणी पाहिलं नाही."

"मग बघून घ्या," बाई म्हणाल्या.

सगळीकडे स्वागत झालं असं नाही. एका घरी वाटलं, काही मागायला आल्या. एका चुलतभावाच्या सुनेने डबा दारातच उलटापालटा करून पाहिला आणि आम्ही आता काचेचंच वापरतो असं सांगितलं. बाई तिला म्हणाल्या, "वापरू नकोस. तुझ्या आजेसासूचं नाव आहे. मोडीत घालायचं तर तू घाल. ते माझ्या हातून नको." सुनेने डबा घेतला. जिना उतरताना मी विचारलं, कशाला इतका त्रास करून घेता? त्या एका पायरीवर थांबल्या. म्हणाल्या, "माहेरची शेतं गेली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. घर तरी माझ्या हाताने जाऊ दे."

त्यांना एवढंच हवं होतं. आपल्या हाताने.

त्यांचा मुलगा संदीप हडपसरलाच, त्यांच्या शेतांच्या जवळपास कुठेतरी, अकराव्या मजल्यावर राहतो. तिथल्याच एका आयटी कंपनीत आहे. वाईट मुलगा नाही. ही गोष्ट वाईट मुलाची असती तर मी तुम्हाला लिहिलीच नसती. रविवारी यायचा, आईसाठी फळं आणायचा, पुठ्ठ्याची खोकी आणायचा. बाई त्या खोक्यांत सामान भरायच्या नाहीत, त्याने आणलेली फळंच ठेवायच्या. तो पाट बघून हसायचा. "आई, या स्पीडने बिल्डिंग म्हातारी होऊन आपोआप पडेल."

"मग बिल्डरचं पाडायचं काम वाचेल," बाई म्हणायच्या.

पुढच्या वर्षी होळीनंतर बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी रोज दुपारी हॉस्पिटलात जायचे. पाटाचं विचारायच्या, कुणाची भांडी राहिलीत ते बोलून दाखवायच्या. फळी निम्म्याहून जास्त रिकामी झाली होती. जागा सोडायला अजून अवकाश होता.

एका रविवारी सकाळी समोर आवाज झाला म्हणून मी दार उघडलं. एकसारखे टीशर्ट घातलेली माणसं आत होती, खाली टेम्पो उभा होता. संदीप दाराशी फोनवर बोलत होता. मी त्याला विचारलं, आईला सांगितलंस का?

"काकू, विचारलं तर ती हो म्हणणार आहे का?"

मी म्हटलं, म्हणूनच विचारायचं असतं. तो समजुतीने हसला. तुमची आईही तशीच हसते. म्हणाला, काकू, तिला या सगळ्याचा किती त्रास होतो बघा ना, परत आली की मोकळं होऊन जाईल, आणि इट्स जस्ट स्टफ. मी शुद्ध इंग्रजीत त्याला उत्तर देऊ शकले असते. तेवढ्यात आतून फळीवरची भांडी पोत्यात पडल्याचा आवाज आला. मध्ये फडकी नव्हती. मी म्हटलं, संदीप, त्या भांड्यांवर नावं आहेत. तो म्हणाला, हो ना, म्हणून तर कुणी घेईना, शेवटी वजनावर दिली. जेवायच्या वेळेपर्यंत घर धुऊन पुसून झालं होतं.

दुपारी मी हॉस्पिटलात पोहोचले, तेव्हा बाईंच्या हातात त्यांचा फोन होता. संदीपने फोटो पाठवले होते. आधीचं घर आणि नंतरचं घर, शेजारी शेजारी, आणि खाली 'सरप्राइज'. बाईंनी फोन माझ्याकडे केला. त्यांनी एवढंच विचारलं, "पाट?" मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी तो आला. आईच्या पायाशी बसला, पाय दाबू लागला. आता हडपसर बाहेर येणार म्हणून मी वाट बघत होते. नाही आलं. फळ्यावर वाक्य लिहावं तशा स्वच्छ, पुस्तकी मराठीत त्या म्हणाल्या,

"मी लुटत होते, संदीप. तू लुटलंस."

तो खुश होऊन म्हणाला, "तेच तर म्हणतोय, आई. तुझंच काम केलं मी. एका दिवसात."

मुलांनो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला दोन्ही वाक्यं एकच ऐकू आली. त्याला शिकवलेला शब्द अर्धाच होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून घेतले.

हॉस्पिटलातून त्यांना थेट अकराव्या मजल्यावर नेलं. बिबवेवाडीला त्या परत आल्याच नाहीत. यायला काही ठेवलंही नव्हतं.

एक पातेलं मात्र टेम्पोतून सुटलं होतं. होळीला बाईंनी मला त्यातून कटाची आमटी दिली होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि काही करून भरावं तोवर त्या पडल्या, म्हणून ते माझ्या ओट्यावरच राहिलं. त्यावर त्यांच्या आत्याचं नाव आहे: 'चि. सुमन हिस, गंगूआत्याकडून.' आत्याच्या मागे कुणी नव्हतं, म्हणून ते कुणाला परत करायचं हे पाटावर कधी ठरलंच नव्हतं. मी त्यात साखरभात भरला आणि रिक्षा करून हडपसरला गेले.

दार सुनेने उघडलं. घर सुंदर होतं, सगळं भिंतीतल्या कपाटांच्या आत, बाहेर काही दिसत नव्हतं. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, बांगडीत एकही पिन नव्हती. मांडीवर उशीचा नवाकोरा अभ्रा होता आणि त्या छोट्या कात्रीने त्याची शिवण काढत होत्या. मी विचारलं, फाटलाय का?

"नाही. उसवते, परत शिवते. आवरायला काही ठेवलेलं नाही त्यानं."

मी पातेलं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं. साखरभात दुसऱ्या भांड्यात काढायला लावला, आणि सून आत गेल्यावर ते पातेलं माझ्या पिशवीत, त्या निळ्या चौकटीच्या पिशवीत, परत घातलं. "तुमच्याकडेच राहू दे, दामलेबाई. इथं राहिलं तर त्याला सापडेल." मग म्हणाल्या, "कसब्यात जाऊन माझं नाव घालून घ्या. 'परत' हा शब्द घालू नका. नुसतं 'सुमनकडून'."

मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. कात्रीचं टोक टाक्याखाली घालत होत्या. त्यांना पाहिलं ते तेवढंच. पावसाळ्यात त्या गेल्या. संदीपने फोन केला होता. आईला आमच्याकडे काही कमी नव्हतं, काकू, असं म्हणून तो रडला. तेही खरंच होतं.

आमची इमारत पाडली नाही. बिल्डर आणि सोसायटी यांचं कशावरून तरी बिनसलं, प्रकरण कोर्टात आहे, मी अजून त्याच दारात राहते. समोरच्या दाराला कुलूप आहे. वाऱ्याने आतली खिडकी आपटली की घर रिकामं असल्याचा आवाज येतो. पाट खाली वॉचमनच्या केबिनजवळ होता. पावसात राहून फुगला, मग एक दिवस दिसेनासा झाला. गाळणीवाल्यांपैकी दोघी अजून शेवाळ्यांची पिशवी घेऊन भाजीला जातात. ती कुणाच्या शर्टाची आहे हे बहुतेक त्या विसरल्या आहेत.

ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. माझ्या डब्यांवरही नावं आहेत. मी परवा माळ्यावरून आपला पाट काढून खोलीत ठेवला आहे. तुमच्या आईला सांगा, डिसेंबरात आलीस की समोर बस, एका वेळी पाटावर मावेल तेवढंच बघ, आणि खोकी आणू नकोस.

गंगूआत्याचं पातेलं माझ्याकडे आहे. त्याला एका बाजूने पोचा आहे, दूध अजून त्यातच तापवते. काठाखाली आत्याचं नाव आहे, त्याखाली सुमनचं, आणि त्याखाली बोटभर जागा मोकळी आहे.